लष्करी छावण्या आणि निर्वासित : एका वादाचें परीक्षण

घरदार सोडून आलेल्या लोकांस लष्कराच्या छावण्यांत ठेवावें कीं ठेवूं नये, हा वाद गेलीं कांहीं वर्षें इंग्लंड-अमेरिकेंत हिरिरीनें चालला आहे. छप्पर तयार, पाणी तयार, मुदपाकखाना तयार, भोंवतीं कुंपणहि तयार. मग नवें बांधण्यांत काळ व पैसा कां दवडावा, असें एक पक्ष म्हणतो. ज्यास आसरा द्यावयाचा त्यास पहाऱ्यांत कां ठेवतां, असें दुसरा पक्ष विचारतो. हा प्रश्न राजकारणी पुरुषांचा. जुन्या कागदांच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या आम्हां लोकांचा त्याच्याशीं काय संबंध, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आमच्या मतें संबंध आहे व तो निकटचा आहे. महाराष्ट्रांत आणि जुन्या मध्यप्रांतांत हा प्रयोग एकाहून अधिक वेळां होऊन गेला आहे. त्याचा निकाल काय लागला हें पुराव्यानें सांगतां येतें. परंतु सांगणारे बहुधा ऐकीव गोष्टींवर विसंबतात.

प्रस्तुत लेखाचें निमित्त असें झालें. कांहीं दिवसांपूर्वीं धंतोलींत एका संग्राहक मित्रांच्या घरीं आम्ही चारपांच जण भोसलेकालीन मोडी कागदांचा एक रुमाल पाहण्यास जमलों होतों. रुमाल पाहून झाल्यावर यजमानांनीं एक कापडी पिशवी पुढें ठेवली. जरीपटक्यांतील एका सिंधी कुटुंबानें जुनें घर पाडतांना ती रद्दींत काढली होती व रद्दीवाल्याकडून ती यजमानांच्या हातीं आली होती. तींत शिधापत्रिका, छावणींतील खोलीच्या भाड्याच्या पावत्या, सिंधमध्यें राहून गेलेल्या घराच्या दाव्याचा छापील इंग्रजी नमुना, त्यावरील हुकूम आणि अरबी वळणाच्या सिंधी लिपींतील कांहीं पत्रें, असे पंचवीसतीस कागद होते. मंडळींतील एका वयोवृद्ध गृहस्थांनीं ते पाहिले न पाहिलेसे करून बाजूस सारले. हे छापील नमुने आहेत, हस्तलिखितें नव्हेत. दप्तरखान्यांत यांस जागा देणें म्हणजे दप्तरखान्याची अडगळ करणें, असा त्यांचा अभिप्राय पडला.

यावरून बोलणें छावण्यांकडे वळलें आणि मंडळींत दोन तट पडले. एकानें उल्हासनगराचा दाखला देऊन लष्करी छावणीसारखी निर्वासितांस दुसरी सोईची जागा नाहीं, असें प्रतिपादन केलें. दुसऱ्यानें रायपूरजवळील माना छावणीचें नांव घेऊन, छावणी म्हणजे मुदत न लिहिलेला तुरुंग, असा उलट सिद्धान्त मांडला. दोघेहि अभ्यासू आहेत व दोघांचे दाखले खरे आहेत. तथापि दोघांचींहि अनुमानें आम्हांस चुकीचीं वाटतात; आणि तीं कां चुकतात याचें उत्तर त्या बाजूस सारलेल्या पिशवींतच आहे, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम शब्द तपासूं. ‘छावणी’ हा शब्द ‘छावणें’ म्हणजे शाकारणें यापासून आला आहे. मराठी कागदपत्रांत फौज छावणीस राहिली म्हणजे पावसाळ्यापुरती एका ठिकाणीं शाकारून राहिली. दसऱ्यास शिलंगण झालें कीं छावणी मोडावयाची. तात्पुरतेपणा या शब्दाच्या पोटांतच आहे. परंतु शब्दाचा अर्थ एक आणि वस्तूचा इतिहास दुसरा, असें अनेकदां होतें. दौलतराव शिंद्यांचें लष्कर १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीं उतरलें तें उठलेंच नाहीं. तेथें शहर झालें व त्या शहरास ‘लष्कर’ हेंच नांव राहिलें. आमच्या नागपुराजवळ कन्हान नदीच्या कांठीं इंग्रजांनीं १८२१ सालीं छावणी घातली व तिच्या आश्रयानें कामठी वाढली. (‘कामठी’ हें नांव इंग्रजी ‘कॅम्प टी’ यावरून पडलें असें सांगतात; ती व्युत्पत्ति आम्हांस केवळ ध्वनिसाम्यावर रचलेली दिसते.) छावणी मोडावयाची आहे, हें छावणी घालणाऱ्याचें मत असतें. तिच्या भोंवतीं जमलेल्या बाजाराचें मत निराळें असतें, आणि पुष्कळदां बाजाराचेंच मत टिकतें.

आतां पूर्वपक्ष घेऊं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ इंग्रज सरकारनें येणाऱ्याजाणाऱ्या फौजेसाठीं एक विस्तीर्ण छावणी उभारली. बराकी लांबलचक, मध्यें मोठें दालन आणि दोन्ही टोकांस खोल्या. १९४५ सालीं युद्ध संपलें व छावणी ओस पडली. पुढें १९४७ सालीं देशाची फाळणी झाली, आणि विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचींतील दंग्यानंतर सिंधमधील हिंदु आगबोटींनीं मोठ्या संख्येनें मुंबईस उतरूं लागले. त्यांची सोय कल्याण, चेंबूर, देवळाली, पिंपरी इत्यादि ठिकाणच्या छावण्यांत करण्यांत आली. त्यांत कल्याणची छावणी सर्वांत मोठी. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली व कल्याण कॅम्पाचें उल्हासनगर झालें. १९५१ च्या शिरगणतींत तेथील वस्ती ८० हजारांवर गेली होती.

या नांवासंबंधीं एक लहानसा प्रमाद येथेंच दुरुस्त केला पाहिजे. उल्हास म्हणजे आनंद, म्हणून दुःखितांच्या वस्तीस हें नांव दिलें, एवढेंच बहुधा सांगण्यांत येतें. तो अर्थ नामकरण करणाऱ्यांच्या मनांत असेलहि. परंतु उल्हास हें त्या भागांतील नदीचें जुनें नांव आहे. १८८२ सालीं निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्या नदीचें वर्णन आढळतें. आनंदाची व्युत्पत्ति पत्करून नदी विसरणें म्हणजे त्या जागेस १९४९ पूर्वीं इतिहासच नव्हता, असें नकळत कबूल करणें होय. ही चूक वाटते तितकी निरुपद्रवी नाहीं, हें पुढें दिसून येईल.

उल्हासनगर पुढें मोठें व्यापारी शहर झालें, ही गोष्ट निर्विवाद आहे. पण छावणी होती म्हणून नगर झालें, हें अनुमान निर्विवाद नाहीं. त्या बराकींत पहिलीं वर्षें ज्यांनीं काढलीं त्यांच्या आठवणी अनेकांनीं टिपून ठेविल्या आहेत. एका दालनांत अनेक कुटुंबें, मध्यें गोणपाटाचे किंवा जुन्या लुगड्याधोतरांचे पडदे, पाण्याच्या नळावर रांगा व शिध्यासाठीं रांगा, हें त्या आठवणींतील सर्वसाधारण चित्र आहे. ज्यांनीं सिंधमध्यें स्वतःचे वाडे सोडले होते, त्यांस हा पडदा कुंपणाहून अधिक बोंचत असे. तेथें पांच छावण्या होत्या. आजहि तेथील रहिवासी पत्ता सांगतांना कॅम्पाचा आंकडा सांगतात. अर्थात् छावणी तेथें सोय म्हणून जितकी होती तितकीच गैरसोय म्हणूनहि होती. मग तिचें नगर कशानें झालें?

उत्तरपक्षाचा दाखला याच ठिकाणीं उपयोगी पडतो. रायपूर हें १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतांत मोडत होतें. त्याच्याजवळ माना येथें महायुद्धाच्या काळांतील धावपट्टी होती. १९६४ सालच्या आरंभीं पूर्व पाकिस्तानांत खुलना व ढाका या भागांत दंगे उसळले व तेथून निघालेल्या बंगाली निर्वासितांपैकीं पुष्कळांस आगगाडीनें थेट मानाकडे धाडण्यांत आलें. १९५८ सालीं स्थापन झालेल्या दंडकारण्य योजनेच्या वाटेवरला हा मुक्काम. मानाहून पुढें कोणास कोरापुटास, कोणास बस्तरांत, तर कोणास आमच्या त्या वेळच्या चांदा जिल्ह्यांत नेलें. आज गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा व चामोर्शी या तालुक्यांत जीं बंगाली बोलणारीं गांवें आहेत, त्यांची हकीकत या स्थलांतरापासून सुरू होते. मुक्काम म्हणून नेमलेल्या त्या छावणींत अनेक कुटुंबांचीं वर्षें गेलीं. १९७८ सालीं दंडकारण्यांतील हजारों लोक मिळालेली जमीन व पदरचें सामान टाकून सुंदरबनाकडे निघाले. त्यांपैकीं जे मरिचझांपी बेटावर जाऊन बसले त्यांची १९७९ च्या जानेवारींत नाकेबंदी झाली, ३१ तारखेस गोळीबार झाला व मे महिन्यांत त्यांस तेथून हुसकून लावण्यांत आलें.

या हकीकतीवरून आमच्या दुसऱ्या मित्रांनीं छावणीस दोष दिला. पण कल्याण आणि माना या दोहोंचें मूळ एकच, म्हणजे महायुद्धानें बांधलेली व शांततेनें ओस पाडलेली लष्करी जागा. एकाच बीजापासून दोन निराळीं झाडें उगवलीं असतील तर फरक बीजांत शोधणें व्यर्थ होय.

तो फरक कायद्याच्या पुस्तकांत सांपडतो. पश्चिम पाकिस्तानांतून आलेल्या विस्थापितांनीं मागें सोडलेल्या स्थावर मिळकतीचे दावे नोंदवावे व सरकारनें ते तपासावे, यासाठीं १९५० सालीं कायदा झाला. १९५४ सालच्या दुसऱ्या कायद्यानें तपासून ठरलेल्या दाव्यांपोटीं नुकसानभरपाई देण्याची तजवीज केली. ही भरपाई केवळ रोख नव्हती. सरकारी बांधणीचें घर, दुकान, भूखंड यांच्या किमतींत ती वळती करून घेतां येई. कल्याणच्या बराकींतील मनुष्य अशा रीतीनें, सिंधमधील गेलेल्या घराचा कागद पुढें करून, पायाखालच्या जागेचा मालक होऊं शकत होता. सिंधी कुटुंबांच्या बोलण्यांत ‘क्लेम’ हा शब्द कित्येक वर्षें घरच्या माणसासारखा वावरत होता तो यामुळेंच.

पूर्व बंगालमधून आलेल्यांस ही वाट बंद होती. १९५० च्या एप्रिलांत नेहरू-लियाकत करार झाला. त्याच्या भाषेप्रमाणें पूर्व बंगालमधून निघालेल्या लोकांचा मागील मिळकतीवरील हक्क कायम होता आणि ते परत जाऊं शकत होते. हक्क कायम आहे, मग भरपाई कशाची? अशा रीतीनें जी मिळकत त्यांस कधींच उपभोगावयास मिळावयाची नव्हती, तिच्या कागदी हक्कानेंच त्यांचा भरपाईचा हक्क खाऊन टाकला. मानाच्या छावणींतील मनुष्याजवळ दाखविण्यास कांहीं नव्हतें, म्हणून त्याला नेतील तेथें जावें लागलें. एका छावणींतला मनुष्य अर्जदार होता; दुसऱ्या छावणींतला मनुष्य केवळ शिधा खाणारी एक संख्या होता. आमच्या मतें दोन्ही वस्त्यांच्या पुढील चरित्राचें बीज येथें आहे.

हा विचार आमच्या जुन्या राज्यव्यवहारास अपरिचित नव्हता. ओसाड गांव किंवा नवी पेठ वसवावयाची झाल्यास कौल दिल्याशिवाय कुणबी वा उदमी येत नसे. कौलांत जागा कोणती, किती वर्षें माफी, पुढें इस्ताव्यानें सारा कसा चढावयाचा, शेटे-महाजन कोण, हें सर्व लिहून दिलेलें असे. सरकारनें झाडे बोलावून आधीं वस्ती करावी व मागाहून हक्क ठरवावे, अशी रीत नव्हती. कौल मोडल्याच्या तक्रारी दप्तरांत पुष्कळ आहेत. पण तक्रार करण्यास कौल हातीं असावा लागतो. मानाच्या लोकांस कौलच नव्हता.

तिसरें उदाहरण कोल्हापूरजवळील वळिवडें येथील. हें घेतांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जामनगरजवळ बालाचडी येथें जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं १९४२ सालीं पोलिश मुलांसाठीं उघडलेली छावणी आणि वळिवड्याची छावणी या दोन निराळ्या. लोकप्रिय लेखनांत त्यांची सरमिसळ होते. बालाचडीची छावणी १९४६ सालीं मोडली तेव्हां तेथील कांहीं मुलें वळिवड्यास आलीं, हें या सरमिसळीचें एक कारण असावें. वळिवड्याची वस्ती १९४३ ते १९४८ पर्यंत होती. सोव्हिएट रशियांत हद्दपार झालेले व तेथून इराणमार्गें सुटून आलेले सुमारें पांच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका व मुलें, तेथें राहात. ती लष्कराची जागा नव्हे, मुद्दाम बांधलेली वस्ती होती; पण घडण बराकींचीच. शाळा, देऊळ, दवाखाना सर्व तेथें होतें. आसरा मिळाला, आपुलकीहि मिळाली. कोल्हापूरकरांचें नांव ते लोक पुढेंहि प्रेमानें घेत राहिले.

तरीहि त्यांचें गांव तेथें झालें नाहीं. वस्तीचा खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकार चालवीत असे, आणि त्या सरकारची मान्यता ब्रिटननें १९४५ च्या जुलैंत काढून घेतली. ज्या सरकारचा शिक्का त्यांच्या कागदांवर होता तें सरकारच कागदोपत्रीं उरलें नाहीं. पुढें ब्रिटिश पार्लमेंटानें १९४७ सालीं पोलिश लोकांच्या वसाहतीविषयीं कायदा केला तेव्हां त्यांपैकीं अनेकांस इंग्लंडची वाट मोकळी झाली. आणि तेथें गेल्यावर कित्येकांस पहिला आसरा मिळाला तो पुन्हा लष्कराच्या सोडून दिलेल्या बराकींतच. इकडे वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले व तेथें आज गांधीनगरची कापडाची मोठी पेठ आहे. छपरें तींच राहिलीं. एका लोकसमूहास तीं धर्मशाळा झालीं, दुसऱ्यास पेठ झालीं.

परदेशच्या वादासहि हीच कसोटी लावून पाहावी. १९७२ च्या ऑगस्टांत इदी अमीनने युगांडांतील आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम केला. सुमारें २८ हजार लोक इंग्लंडास आले व त्यांच्यासाठीं सोळा ठिकाणीं राहण्याची सोय केली गेली. त्यांत सफोकमधील स्ट्रॅडिशॉलसारखे विमानदळाचे तळ होते. तेथील थंडीच्या व बेचव जेवणाच्या तक्रारी झाल्या. पण बहुतेक ठिकाणें १९७३ सालीं बंद झालीं व लोक गांवोगांवीं पांगून धंद्यास लागले. त्यांच्यापैकीं बहुतेकांजवळ ब्रिटिश पारपत्र होतें. उलटपक्षीं २०२० च्या सप्टेंबरांत केंट परगण्यांतील नेपिअर बराकींत ज्यांस ठेविलें, ते आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागावयाची वाट पाहणारे लोक होते. एका खोलींत पुष्कळ खाटा, मध्यें पडदे, हें चित्र कल्याणहून फारसें निराळें नव्हतें. २०२१ च्या जानेवारींत तेथें सुमारें दोनशें जणांस करोनाची बाधा झाली, व जूनमध्यें सहा अर्जदारांच्या फिर्यादीवर तेथील हायकोर्टानें त्यांस ज्या स्थितींत ठेविलें ती बेकायदेशीर ठरविली. बराकी येथें काय नि तेथें काय, बराकीच. एकांतून लोक महिन्यांत बाहेर पडले कारण त्यांचा दर्जा आधीं ठरलेला होता. दुसरींत दर्जा ठरेपर्यंत राहावयाचें होतें, आणि तो केव्हां ठरेल हें कोणी लिहून दिलें नव्हतें.

आमच्या या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, कल्याण हें मोठें जंक्शन, मुंबईचा बाजार आगगाडीनें दोन घटकांच्या अंतरावर. माना व दंडकारण्य रानांत. नगर होण्यास बाजार लागतो, कागद नव्हे. हा आक्षेप बऱ्याच अंशीं खरा आहे. कागद हातीं असून बाजार नसता तर उल्हासनगर एवढें वाढतें ना, हें आम्ही मान्य करितों. पण बाजार जवळ असूनहि जागा आपली नसती तर तेथें यंत्रसामग्री कोणी बसविली असती? दुसरा आक्षेप अधिक बोंचरा आहे. दावा करण्यास मागें मिळकत असावी लागे. सिंधमध्यें ज्याचें स्वतःचें घर नव्हतें, त्या गरिबाच्या पदरीं क्लेम कोठून येणार? त्यास बराक विकत घ्यावयाची तर नव्यानें पैसे भरावे लागत. अर्थात् कागदानें न्याय केला तो ज्यांच्याजवळ पूर्वीं कांहीं होतें त्यांचा प्रथम केला. या आक्षेपास आमच्याजवळ उत्तर नाहीं. आमच्या सिद्धान्ताची ती मर्यादा आहे व ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आणखी एका पक्षाचा उल्लेख या वादांत दोन्ही बाजूंनीं टाळला जातो. छावणी ओस होती असें आपण म्हणतों. पण ती बांधण्यापूर्वीं ती जमीन ओस नव्हती. युद्धकाळीं भारत संरक्षण नियमांखालीं सरकार जमिनी ताब्यांत घेई. कल्याणजवळच नेवाळी येथें युद्धांतील धावपट्टीसाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. युद्ध संपलें, धावपट्टीवर गवत वाढलें, जमीन मात्र परत मिळाली नाहीं. २०१७ च्या जूनमध्यें नौदलानें तेथें भिंत घालण्यास आरंभ केला तेव्हां शेतकऱ्यांचा क्षोभ होऊन मोठी दंगल झाली. पंचाहत्तर वर्षें मागील कागद पुढें करून त्यांची तिसरी पिढी भांडत होती. नदी विसरून केवळ आनंदाची व्युत्पत्ति सांगण्यांत जो दोष आम्हीं वर दाखविला, तो या ठिकाणीं ध्यानांत यावा. छावणीचा इतिहास पहिल्या बराकीपासून आरंभिला म्हणजे नांगर हांकणारा मनुष्य त्यांतून आपोआप वगळला जातो.

तात्पर्य, लष्करी छावणींत निर्वासितांस ठेवावें कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर छावणीकडे पाहून देतां येत नाहीं. जमीन कोणाकडून व कोणत्या अटीवर घेतली, येणाऱ्यास काय लिहून दिलें, आणि मुदत कोणती घातली, हे तीन कागद पाहून तें द्यावें लागतें. हे तिन्ही कागद जेथें नसतील, तेथें बराकीऐवजीं राजवाडा दिला तरी त्याची माना छावणी होण्यास विलंब लागणार नाहीं.

आतां त्या पिशवीकडे परत येऊं. वयोवृद्ध गृहस्थांचा मुख्य आक्षेप, कागद छापील नमुन्याचे आहेत, हा होता. पण आपण ज्या सनदा व कौलनामे रुमालांत बांधून ठेवितों त्यांचा तरी मजकूर काय असतो? मायना ठरलेला, शिरस्ता ठरलेला. नांव, गांव, सन आणि बिघे एवढेंच निराळें. संशोधक तेवढेंच वाचतो. पिशवींतील नमुन्यांतहि छापील ओळी सोडून रिकाम्या जागीं शाईनें काय भरलें आहे तेंच वाचावयाचें आहे. मागें सोडलेल्या घराच्या खोल्या किती, शेजार कोणाचा, किंमत काय मागितली व किती मान्य झाली, हें त्यांत आहे. एका पावतीवर कुटुंबाची संख्या खोडून एकानें कमी केली आहे. तारखेवरून पाहतां छावणींत आल्यावर तीन महिन्यांत तें माणूस गेलें. इतकें स्पष्ट बोलणारा मोडी कागद रोज हातीं येत नाहीं.

संग्राहकांस आमची विनंती मात्र नेहमींहून निराळी आहे. असे कागद मिळवा, असें आम्ही म्हणत नाहीं. शोधा, वाचा, त्यांच्या नकला घ्या, आणि मूळ ज्याचें त्याच्या घरीं ठेवा. कारण या कागदांचें काम संपलेलें नाहीं. उल्हासनगरांतील अनधिकृत बांधकामें नियमित करण्यासाठीं २००६ सालीं निराळा कायदा करावा लागला, आणि राज्यांतील इतर वसाहतींतील सिंधी विस्थापितांच्या जमिनींचे हक्क कायम करण्यासाठीं २०२५ सालींहि महाराष्ट्र शासनास अभय योजना काढावी लागली. अशा वेळीं आजोबांची पावती नातवास कचेरींत दाखवावी लागते. ती आमच्या दप्तरखान्यांत क्रमांक घालून जपून ठेविलेली असेल तर दप्तरखान्याची शोभा वाढेल व नातवाचें घर जाईल. दुसरी गोष्ट, सिंधी अरबी लिपी सहज वाचणारे आतां वृद्ध झाले आहेत. मोडी वाचणारे कमी झाले तेव्हां आपण फार उशीरां जागे झालों. येथें तरी तसें होऊं नये. गडचिरोलीकडील बंगाली कुटुंबांच्या कागदांसाठींहि असेंच कोणी पुढें यावें.

त्या दिवशीं धंतोलींत आम्हीं दोन बैठका करून सर्व कागदांची यादी केली, प्रत्येकाची नक्कल घेतली व सिंधी पत्रें वाचून घेण्यासाठीं जरीपटक्यांतील एका जाणत्या गृहस्थांकडे नेलीं. यादी करावयास त्याच वयोवृद्ध गृहस्थांनीं हात लाविला, हें येथें कृतज्ञतेनें नमूद करितों. मूळ पिशवी यजमानांनीं स्वतः जाऊन त्या कुटुंबाच्या स्वाधीन केली. दाव्यावरील हुकूम कोणता हें त्यांस वेगळें काढून दाखविलें. तो त्यांनीं आतां निराळ्या पाकिटांत ठेविला आहे.